सायकीबाईचा काळा फोटो

‘श्वास घे. धर. हलू नको. सोड.’

एकतीस वर्षं मी रोज एवढंच बोलत आलो. कधी मराठीत, कधी अहिराणीत, आणि डोंगरातून आलेल्या म्हाताऱ्यांसमोर नुसत्या हातवाऱ्यांनी. घरीसुद्धा माझी ही सवय सुटली नव्हती. भाकरी यायला जरा उशीर झाला आणि मी चुळबुळ करायला लागलो की माझी बायको शोभा चुलीपाशी बसून म्हणायची, “श्वास धरा जराखा, उनीच भाकर.”

मी एक्स-रे काढणारा माणूस. शहादा तालुक्यात, तोरणमाळकडे जाणारा रस्ता डोंगर चढायला लागतो त्याच्या बराच अलीकडे, एक छोटा मिशनचा दवाखाना होता. माझी सगळी नोकरी तिथेच झाली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, दवाखान्याची नाही. मी मूळचा सारंगखेड्याजवळचा, तापीकाठचा. घरी केळी आणि ऊस. भावांनी शेती धरली आणि मी ‘फोटो काढायला’ गेलो, अशी माझी ओळख गावात शेवटपर्यंत राहिली. लग्नसराईत दोन-तीन जणांनी मला खरोखरच कॅमेरा घेऊन बोलावलं होतं.

आमच्या धंद्यातलं शास्त्र मोठं नाही. माणसाची छाती कॅसेटला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. कॅसेट म्हणजे चपटा डबा, त्यात फिल्म. मशीनचं बटण दाबलं की क्षणभर घुर्र आवाज होतो. मग ती फिल्म डार्करूममध्ये लाल दिव्याखाली डेव्हलपरमध्ये बुडवायची, पाण्यातून काढायची, फिक्सरमध्ये ठेवायची, धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची. आता सगळं कॉम्प्युटरवर झालं, पण आमच्याकडे माझ्या निवृत्तीपर्यंत हेच चाललं. माझ्या शर्टाला फिक्सरचा आंबूस वास कायमचा होता. शोभा माझे कपडे वेगळे धुवायची आणि वर पाहुण्यांना तसं सांगायची.

यात खरी कला एकच होती आणि ती विजेची होती. आमच्या भागात रब्बीला सगळ्या शिवारातल्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू होतात. तेवढ्या वेळात दवाखान्यातली वीज अशी मलूल व्हायची की मशीन धापा टाकायचं. मशीनवर व्होल्टेज दाखवणारा एक काटा होता आणि त्याच्या बाजूला एक गोल खटका. काटा खाली गेला की खटका वर करायचा, काटा वर आला की खटका खाली. दर फोटोच्या आधी काटा बघायचा, हा माझा नेम. कारण खटका वर असताना अचानक मोटारी बंद झाल्या तर वीज उसळी मारते, फिल्मवर गरजेपेक्षा जास्त किरणं पडतात आणि प्लेट काळी पडते. आम्ही तिला जळालेली प्लेट म्हणायचो. अशा प्लेटमध्ये हाडं जेमतेम दिसतात, बाकी सगळं डांबर. मला माझ्या प्लेटांचा गर्व होता. आमच्या डॉक्टरीणबाई केरळच्या, कडक, पण त्यासुद्धा म्हणायच्या की तुमची प्लेट बघताना चष्मा दोनदा पुसावा लागत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. घोड्यांच्या जत्रेच्या दिवसांत एक घोडेवाला चक्क घोड्याचा पाय दाखवायला दाराशी आला. मी नाही म्हणालो तर म्हणाला, “माणसाचा काढतोस, याचा का नाही? हा तुझ्यापेक्षा महाग आहे.” पावरा आदिवासी बायांच्या अंगावर चांदीचा इतका साज असायचा की तो उतरवण्यातच अर्धा तास जायचा. एक म्हातारा गळ्यातला क्रूस काढायला काही केल्या तयार होईना. धातू प्लेटवर पांढरा उमटतो, छातीवरचं काही दिसत नाही, हे मी त्याला परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, “उमटू दे. कोना फोटो शे ते त्याले समजी.” शेवटी मी तो क्रूस पाठीवर फिरवला, तरी तो प्लेटवर आलाच. डॉक्टरीणबाई चिडल्या, मग हसल्या आणि स्टेथोस्कोप लावून त्याला तपासत बसल्या.

डोंगरातली ही माणसं सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. मला तू, डॉक्टरला तू, साहेबाला तू आणि येशूलाही तू. मला आधी ते खटकायचं. नंतर नंतर एखाद्याने ‘तुम्ही’ म्हटलं की मलाच परकं वाटायचं.

आमच्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण येशूला मानणारे होते. पाड्यापाड्यावर पत्र्याची शेड टाकून रविवारी प्रार्थना व्हायची. त्यांची एक रीत मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळली. आजारी माणसाला सभेत नेता येत नसेल, डोंगर चढवत नसेल, तर ते त्याची एक्स-रे प्लेट सभेत न्यायचे. प्लेट मध्ये ठेवायची, भोवती बसायचं, दागावर तेलाचं बोट लावायचं आणि प्रार्थना करायची. डाग म्हणजे त्यांच्या बोलण्यात दाग. आणि दोन-चार दिवसांनी तीच प्लेट घेऊन माझ्याकडे यायचं, दाग गेला का ते बघायला.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पोट धरून हसलो होतो, आणि घरी जाऊन शोभाला सांगितलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “त्यासना जीव शे त्या फोटोमा. तुम्हले काय हासू येस?” त्यानंतर मी हसायचं सोडलं. प्लेट काचेवर धरून सांगायचो की बाबा, हे चित्र आहे, हे बदलत नाही. आणि तेलाचं बोट नेहमी चुकीच्या बाजूला असायचं, कारण प्लेट समोर धरली की माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. ते मी हळूच दाखवून द्यायचो. ते निमूट ऐकायचे आणि घरी जाऊन दुसऱ्या बाजूलाही तेल लावायचे.

दित्या असाच आला होता.

दित्या पावरा, तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावरचा. तीस-बत्तीसचा, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. त्याची बायको सायकीबाई. तिला क्षय होता. तीन महिन्यांपूर्वी मीच तिची प्लेट काढली होती, उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पेरूएवढा पांढरा डाग. तिच्या गोळ्या सुरू होत्या. दर पंधरा दिवसांनी तो तिला डोंगरावरून खाली आणायचा, निम्मा रस्ता पायी, निम्मा जीपच्या टपाजवळ लोंबकळत. आधी दोन मुलं गेलेली, ही बाईही गेली तर घरात कोण, हे त्याने मला बाकावर बसल्या बसल्या सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

त्या बुधवारी तो जुनी प्लेट फडक्यातून काढून माझ्यापुढे धरत म्हणाला, “दादा, देख ना, दाग गया का? दोन दिन बठ्ठासनी प्रार्थना कयी. कोनी भाकर बी खादी नही.” प्लेटवर सगळ्या सभेच्या बोटांचे तेलाचे डाग इतके होते की ती हाताला चिकटत होती. सायकीबाई मागे भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, प्लेटकडे बघत होती. मी आयुष्यात खूप माणसं निकालाची वाट बघताना पाहिली आहेत, पण तिच्यासारखं बघणं क्वचितच पाहिलं.

आता मला उपदेशाचा उमाळा आला. मी दोघांना काचेजवळ बोलावलं आणि मास्तरसारखा समजावू लागलो. फुप्फुसात हवा असते. हवा प्लेटवर काळी दिसते. काळं म्हणजे चांगलं. पांढरं म्हणजे तिथे हवा नाही, तिथे दुखणं. जुन्या प्लेटमध्ये दाग तसाच राहणार, नवा फोटो काढायला हवा. दित्याने दोनदा म्हणून दाखवलं, “काळं ते चांगलं, पांढरं ते दुखनं.” मला असा हुशार विद्यार्थी मिळाला म्हणून मी खूश. त्या खुशीतच मी सायकीबाईला कॅसेटसमोर उभं केलं, तिला गळ्यातली माळ सोडायला सांगितली, बोलता बोलता बटणाशी गेलो आणि काटा बघितला नाही. सकाळपासून वीज मलूल होती, खटका वर होता. मी बोलण्यात गुंग असताना शिवारातल्या मोटारी बंद झाल्या होत्या.

“श्वास घे. धर. हलू नको. सोड.”

डार्करूममध्ये डेव्हलपरमधून फिल्म वर काढली तेव्हाच कळलं. लाल दिव्यातसुद्धा ती डांबरासारखी दिसत होती. मी चरफडत ती फिक्सरमध्ये बुडवून काढली आणि दुसरी काढावी म्हणून बाहेर आलो. हातात ती ओली प्लेट होती. दित्या दारातच उभा. त्याने ती माझ्या हातातून घेतली, खिडकीशी धरली आणि ओरडला, “गया! दाग गया! सायकी, देख, बठ्ठं काळं शे!”

सायकीबाई खिडकीशी आली. तिने पदराने तोंड झाकून घेतलं. मला वाटलं खोकतेय, पण ती हसत होती आणि रडत होती. दित्या जमिनीवर गुडघे टेकून बसला. बाकावरचे बाकी रोगीही उठून आले, एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी काय म्हणालो? “डॉक्टरीणबाई आज शिबिराला गेल्यात. शुक्रवारी येऊन त्यांना दाखवा.” दित्याने मान हलवली. त्याने त्या वेळी कशालाही मान हलवली असती. प्लेट फडक्यात गुंडाळून दोघं गेले.

शुक्रवारी आले नाहीत. पुढच्या आठवड्यात गोळ्यांची सिस्टर मला म्हणाली की सायकीबाई गोळ्या न्यायला आली नाही. आणि त्याच पाड्यावरून आलेल्या एका माणसाने बातमी दिली की सायकीबाईने रविवारी सभेत उभं राहून साक्ष दिली, दाग गेला म्हणून, आणि तो फोटो शेडच्या खिडकीत टांगला आहे. साक्ष देणं म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. एकदा साक्ष दिली की गोळी घेणं म्हणजे दिलेला शब्द परत घेण्यासारखं, असं त्यांच्यातल्या काहींना वाटायचं. डॉक्टरीणबाई स्वतः ऑपरेशनच्या आधी हात जोडून प्रार्थना करणाऱ्या, पण या एका गोष्टीवरून त्यांनी कितीदा तरी डोकं धरून घेतलं होतं.

अर्धवट सोडलेला क्षय उलटला की पहिल्यापेक्षा वाईट उलटतो, हे मला डॉक्टर नसूनही माहीत होतं. तरी मी बाईंना सांगितलं नाही. जळालेली प्लेट रोग्याच्या हातात दिली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? एकतीस वर्षांत माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही, पण लपवलेली ही एकच. दुसरा आठवडाही गेला. मला अन्न गोड लागेना.

“तुम्हीन जेवतस का नुसतं ताट देखतस?” शोभाने विचारलं. मी सांगून टाकलं. तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, “तुम्हीन खोटं बोलनात नही, पन खरं बी बोलनात नही. ती बाईना जीव त्यामा अटकेल शे.” मी म्हणालो, जाऊन सांगायचं तर त्यांच्या देवाचं काय होणार? ती म्हणाली, “देव त्याना त्यानं देखी ली. तुम्हीन फोटोनं देखा. ऐतवारले जाऊत. मी बी येस.”

शनिवारी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढंच म्हणाल्या, “त्यांना घेऊन या.”

रविवारी आम्ही दोघं जीपने घाटापर्यंत गेलो आणि तिथून पाऊण तास चढलो. शोभाला डोंगराची सवय नव्हती, पण एकदाही थांबू म्हणाली नाही. माझा बेत असा होता की सभा संपली की दित्याला बाजूला घ्यायचं आणि हळू आवाजात सांगायचं. पण शेडच्या दाराशी पोहोचताच ढोलकी थांबली. तिथले पाळक खेमा पास्टर, साठीचे, अनवाणी, हातात माईक. मला ते दवाखान्यात बघून ओळखत होते. त्यांचा चेहरा उजळला. “भाऊ-बहिनीसहोन, आज फोटोवाला दादा सोता येल शे. आते तोच साक्ष देई!”

पन्नास-साठ माणसं टाळ्या वाजवायला लागली. कोणीतरी मला हाताला धरून पुढे नेलं आणि माईक हातात दिला. शोभाला बायांनी चटईवर जागा करून दिली, नेमकी सायकीबाईच्या शेजारी. समोर खिडकीत, सुतळीला बांधलेली, माझी जळालेली प्लेट. ऊन मागून येत होतं तरी तिच्यातून काही दिसत नव्हतं.

मी एवढा घाबरलो होतो की अहिराणीतच सुरू झालो. “हाऊ फोटो जळी जायेल शे. मशीनना काटा मी देखा नही. चूक मन्ही शे. दाग दिसत नही, म्हनीसन दाग नही असं व्हत नही. बाईनी गोळी सोडाले नको.” एवढं बोललो आणि माईक खाली केला.

मग दित्या उभा राहिला. “मंग तवय का बरं बोलना नही तू?”

मी म्हणालो, “तुम्हीन दोन्ही हासत व्हतात. मन्हाथून बोलायनं नही.” खरं तेच होतं. पण खरं असलं तरी ते पुरेसं नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं. मला वाटलं आता हा माझ्या अंगावर येणार, आणि आला असता तर मी हात वर केला नसता.

सायकीबाई उठली. तीन आठवड्यांत ती आणखी वाळली होती. खिडकीशी गेली, सुतळी सोडली आणि प्लेट घेऊन माझ्यासमोर आली. “ह्यामा मी शे का नही?” तिने विचारलं.

“शे,” मी म्हणालो. “पन दिसत नही.”

तिने प्लेट उन्हात धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली. शेडमधली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मंग येशूले बी काही दिसनं नही व्हई.” आणि प्लेट माझ्या हातात देत, “चाल. नवा काढ. त्याले दिसी असा काढ.”

शोभा चटईवर बसल्या जागी रडायला लागली. खेमा पास्टरांनी माईक घेतला. मला धास्ती होती की हे आता काय बोलतात. ते म्हणाले की साक्ष द्यायची घाई आपण सगळ्यांनी केली, एकट्या दादाने नाही. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्यांनी प्रार्थना केली: सायकीबाईच्या छातीसाठी, माझ्या हातांसाठी आणि विजेच्या काट्यासाठी. माझ्या काट्यासाठी देवाजवळ कोणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर आम्हाला जेवायला बसवलं, उडदाची डाळ आणि भाकरी. दित्याने मला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते त्याचं योग्यच होतं.

सोमवारी दवाखान्यासमोर पिकअप थांबली आणि तिच्यातून अकरा माणसं उतरली. सायकीबाई, दित्या, पास्टर आणि बाकीची प्रार्थनेची. ती सगळी माझ्या खोलीत शिरली आणि मशीनवर हात ठेवून उभी राहिली. डॉक्टरीणबाई दारात येऊन बघत होत्या. मी एवढंच म्हणालो की सगळीकडे हात लावा, फक्त त्या खटक्याला नको. त्या दिवशी काटा मी तीन वेळा बघितला. चौथ्या वेळी पास्टरांनी बघितला.

प्लेट डेव्हलपरमधून वर आली. हाडं स्वच्छ, हृदयाची कड स्वच्छ, आणि उजवीकडे वर तोच पांढरा दाग. पण पेरूएवढा नाही, बोराएवढा. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी काम केलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा अकरा माणसं श्वास धरून उभी होती, मी न सांगता.

“शे,” मी म्हणालो. “पन निम्म्याहून जास्त गया.”

सायकीबाईने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मंग त्यानं काम चालूच शे,” ती म्हणाली. “मीच मधमा ऊठनू. दे गोळी.”

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून कोर्स दिला. या वेळी एकही पाळी चुकली नाही. पावसात रस्ता खचला तेव्हा दित्या तिला पाठीवर घेऊन उतरला. सगळं संपल्यावर काढलेल्या प्लेटमध्ये दागाच्या जागी बारीक रेघ उरली होती, जुन्या जखमेची. ती मी त्यांना आधीच दाखवली. काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. सायकीबाईने पुन्हा साक्ष दिली आणि त्या रविवारी दित्या माझ्याकडे बघून हसला. त्याआधी मी कुणाच्या हसण्याची इतकी वाट पाहिल्याचं मला आठवत नाही.

पुढे तिचं आणि शोभाचं जमलं. दर उन्हाळ्यात ती डोंगरातलं आमचूर घेऊन यायची, आणि शोभा तिला केळीचा घड द्यायची. दोघी ओट्यावर बसून तासन् तास बोलायच्या. एकीचं पावरी, एकीचं अहिराणी, आणि हसणं मात्र दोघींचं एकाच जागी.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी शोभाचा खोकला जाईना. महिनाभर तिने काढे घेतले, मग एक दिवस माझा डबा घेऊन दवाखान्यात आली आणि म्हणाली, “माले बी उभी करा तुमना मशीनसमोर.” मी काटा बघितला. तिला कॅसेटला टेकवलं, खांदे पुढे ओढले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी असं हाताळलं नव्हतं, सामान ठेवावं तसं. “श्वास घे. धर. हलू नको.” बटण दाबलं, घुर्र झालं, आणि मी तसाच उभा राहिलो. शेवटी तीच म्हणाली, “सोडू का आते?”

लाल दिव्याखाली तो डाग हळूहळू वर आला. डाव्या बाजूला, वेड्यावाकड्या कडांचा. क्षयाचा नव्हता, हे मला कळलं. मी माणसांच्या छात्यांची चित्रं आयुष्यभर बघत आलो होतो. त्या अंधारात माझ्या मनात आलं की दुसरी काढावी, खटका वर करून, काळीकुट्ट. तिला दाखवावी आणि म्हणावं, बघ, काही नाही. दित्याला तेव्हा का सांगितलं नाही, याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी त्या खोलीत मिळालं. पण प्लेट मी धुतली, वाळवली आणि तिच्या हातात दिली. तिने विचारलं, मी सांगितलं.

तिला नाशिकला नेलं, सगळं केलं. त्यानंतर ती दोन वर्षं आणि एक पावसाळा होती, आणि त्यातला बराचसा काळ ओट्यावर बसून हसण्याइतकी बरी होती. ती प्लेट आज माझ्या कपाटात आहे. तिच्यावर तेलाचं एक बोट आहे, बरोबर डागावर, बरोबर बाजूला. ते तिथे कसं आलं ते सांगतो आणि थांबतो.

नाशिकला निघायच्या आदल्या सोमवारी सायकीबाई आमचूर घेऊन आली. शोभा आत पडली होती. मी ओट्यावर बसलो होतो, मांडीवर प्लेट. आमच्या घरात कुलदेवी आहे, मी कुठल्या शेडमध्ये गुडघे टेकणारा माणूस नाही, आणि प्लेट बदलत नाही हे मीच शेकडो लोकांना काचेवर धरून समजावलं होतं. मी ती सायकीबाईच्या पुढे केली आणि म्हणालो, “बाई, ऐतवारले ही ली जाय.”

तिने हात पदराला पुसले, प्लेट घेतली. फडक्यात गुंडाळता गुंडाळता थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

“काळा त नही ना काढा?”

“नही,” मी म्हणालो. “बरोबर काढेल शे.”

“मंग दिसी त्याले,” ती म्हणाली, आणि प्लेट छातीशी धरून रस्त्याला लागली.